१७९ की १७५? हवा दाबण्याच्या गणितातला एक जुना घोळ

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १ किलो हवा, सुरुवातीला १ बार (साधारण वातावरणाचा दाब) आणि २७ अंश सेल्सिअस. ती ८ बारपर्यंत दाबायची. आयसोथर्मल पद्धतीने, म्हणजे तापमान तेच ठेवून, काम आलं १७९ किलोज्यूल. ॲडियाबॅटिक पद्धतीने, म्हणजे उष्णता अजिबात आत-बाहेर होऊ न देता, आलं १७५. पुस्तक मात्र ठणकावून सांगतं की आयसोथर्मलला सगळ्यात कमी काम लागतं. मग चुकलं कुठे? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. आयसोथर्मलमध्ये अंतर्गत ऊर्जा बदलतच नसेल, तर घातलेले १७९ किलोज्यूल गेले कुठे? आणि कॉम्प्रेसरच्या सूत्रात 'एन भागिले एन वजा एक' येतं, तर पिस्टनच्या सूत्रात नुसतं 'एक भागिले एन वजा एक', हे का? (एन म्हणजे हवा कुठल्या वाटेने दाबली जाते ते सांगणारा घातांक: दाब गुणिले घनफळाचा एनवा घात स्थिर राहतो.)

आधी निकाल सांगतो. तुमचं गणित बरोबर आहे, दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि पुस्तकही बरोबर आहे. तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर काढलंत, तो पुस्तकातला प्रश्न नव्हे, एवढंच. कॉम्प्रेसरच्या देखभालीत माझी तीस वर्षं गेली, संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतोही. हा घोळ दरवर्षी किमान एक जण तरी घालतो. जो घालतो तो बहुधा वर्गातला विचार करणारा मुलगा किंवा मुलगी असते, कारण बाकीचे दोन आकडे शेजारी ठेवून बघतच नाहीत.

माझी सवय अशी की काम आणि उष्णता यांना हात लावण्याआधी अंतर्गत ऊर्जेचा हिशेब मिटवून टाकायचा. कारण तो सगळ्यात सोपा. हवेला आदर्श वायू मानलं तर तिची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. दाब किती, घनफळ किती, कुठल्या वाटेने आली, याच्याशी तिला देणंघेणं नाही. जूलने १८४५ साली हेच तपासलं होतं. तांब्याच्या एका भांड्यात २२ ॲटमॉस्फिअरपर्यंत हवा दाबून भरली, दुसरं भांडं निर्वात केलं, दोन्ही पाण्यात बुडवली आणि मधला नळ उघडला. हवा दोन्हीकडे पसरली, दाब उतरला, पण पाण्याच्या तापमानात त्याला फरक सापडला नाही. पुढे थॉमसनबरोबर जास्त बारीक प्रयोग केल्यावर खऱ्या वायूंमध्ये थोडा फरक पडतो हे त्यालाच दिसलं, पण आपल्या ८ बारच्या कामाला तो विसरला तरी चालेल.

तेव्हा एक किलो हवेसाठी अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे ०.७१८ (घनफळ स्थिर असतानाची हवेची विशिष्ट उष्णता) गुणिले तापमानातला फरक. बस. आयसोथर्मलमध्ये फरक शून्य, म्हणून बदल शून्य. ॲडियाबॅटिकमध्ये शेवटचं तापमान काढायला ३०० केल्विनला ८ च्या ०.२८६ व्या घाताने गुणायचं. तो घात म्हणजे गॅमा वजा एक भागिले गॅमा; गॅमा म्हणजे हवेच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर घनफळाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, १.४. उत्तर येतं ५४३ केल्विन, म्हणजे २७० अंश सेल्सिअस. फरक २४३, त्याला ०.७१८ ने गुणलं की १७५ किलोज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही, म्हणजे हे सगळे १७५ कामातूनच आले. घनफळ-दाबाचं इंटिग्रेशन न करता काम हातात आलं, बघा.

चिन्हांबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यात जन्म घालवण्यात अर्थ नाही. फिजिक्स आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं वायूने बाहेर केलेलं काम धन धरतात, तर केमिस्ट्रीची पुस्तकं वायूवर केलेलं काम धन धरतात. त्यामुळे एकाकडे 'उष्णता वजा काम' आणि दुसरीकडे 'उष्णता अधिक काम' दिसतं. मी मुलांना सांगतो, सूत्र लिहिण्याआधी वहीत एक चौकोन काढा, ती तुमची हवा. आत येणारं बाणाने आत दाखवा, बाहेर जाणारं बाहेर. आत आलेलं वजा बाहेर गेलेलं बरोबर आत साठलेलं. हा वाण्याचा हिशेब आहे, त्यात चिन्हं चुकत नाहीत. पुढे मी 'हवेवर केलेलं काम' आणि 'बाहेर गेलेली उष्णता' असंच म्हणणार आहे.

आता तुमचे दोन आकडे. बंद सिलिंडरमध्ये एक किलो हवा कोंडली आहे, पिस्टन हळूहळू आत चाललाय. आयसोथर्मलचं काम म्हणजे ०.२८७ (हवेचा वायू स्थिरांक) गुणिले ३०० गुणिले ८ चा नैसर्गिक लॉग. ८६.१ गुणिले २.०८, म्हणजे १७९. अंतर्गत ऊर्जा जागची हलली नाही, म्हणून १७९ च्या १७९ उष्णता होऊन सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर गेले. कुठे गेले म्हणाल तर गार करणाऱ्या पाण्यात किंवा खोलीतल्या हवेत. आयसोथर्मलला एन १ असतो, ॲडियाबॅटिकला १.४; मधला मार्ग, एन १.३ चा, करून बघा. शेवटचं तापमान ४८५ केल्विन, काम १७७, अंतर्गत ऊर्जेत वाढ १३३, उरलेले ४४ उष्णता म्हणून बाहेर.

१७९, १७७, १७५. उष्णता जितकी कमी बाहेर सोडाल तितकं काम कमी! पुस्तकाच्या अगदी उलट. कारण शोधायला आकडे सोडून पिस्टन कुठे थांबला ते बघा. आयसोथर्मलमध्ये हवा ०.८६१ घनमीटरवरून ०.१०८ वर आली. ॲडियाबॅटिकमध्ये हवा तापत गेली, तापलेली हवा लवकर ८ बारला पोचली, आणि पिस्टन ०.१९५ घनमीटरवरच थांबला. म्हणजे एका गड्याने पोतं जिन्याच्या टोकापर्यंत नेलं, दुसऱ्याने मधल्या पायरीवरच टेकवलं, आणि आपण विचारतोय की दुसऱ्याला मेहनत कमी कशी पडली.

दोघांना एकाच जागी न्या, मग तुलना करा. घनफळ सारखं ठेवलं, समजा दोन्हीकडे आठ पटीने कमी केलं, तर आयसोथर्मल १७९ वरच राहतो आणि ॲडियाबॅटिक २७९ वर जातो. दाब आणि तापमान दोन्ही सारखं हवं असेल, म्हणजे शेवटी ८ बार आणि २७ अंशच हवेत, तर ॲडियाबॅटिकवाल्याला तापलेली हवा ८ बारलाच धरून गार होऊ द्यावी लागेल. गार होताना हवा आक्रसते, पिस्टन आत सरकत राहतो आणि काम चालूच राहतं. ते येतं ०.२८७ गुणिले २४३, म्हणजे ७० किलोज्यूल. १७५ अधिक ७०, एकूण २४५. आयसोथर्मलचे १७९. पुस्तकाचा जीव भांड्यात पडला.

हा २४५ चा आकडा लक्षात ठेवा, तो लगेच परत भेटणार आहे.

वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर हवा कोंडून बसत नाही. तो आत ओढतो, दाबतो, टाकीत ढकलतो आणि पुन्हा ओढतो. त्यामुळे त्याच्या कामाला तीन तुकडे असतात. ओढताना बाहेरची हवा १ बारने पिस्टनला मागे ढकलते, म्हणजे आपल्याला फुकट मदत करते. एक किलोमागे ही मदत ८६ किलोज्यूल. मग दाबणं, ॲडियाबॅटिक धरलं तर १७५. मग व्हॉल्व्ह उघडल्यावर ८ बारच्या टाकीत ती तापलेली हवा ढकलणं, दाब गुणिले घनफळ, १५६. आता बेरीज: १७५ अधिक १५६ वजा ८६, २४५. तोच आकडा. आणि १७५ ला गॅमाने, १.४ ने, गुणून बघा. २४५. तुमच्या सूत्रात 'एक'च्या जागी 'एन' येतो तो इथून. ओढणं आणि ढकलणं हिशेबात धरलं की बंद सिलिंडरचं काम बरोबर एन पटीने वाढतं, त्यात दुसरी जादू नाही. एन १.३ असेल तर १७७ गुणिले १.३, म्हणजे २३०.

आयसोथर्मलमध्ये गंमत बघा. तापमान तेच राहिल्यामुळे आत येतानाचा दाब गुणिले घनफळ आणि बाहेर जातानाचा दाब गुणिले घनफळ सारखेच, ८६ आणि ८६. एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तिथे बंद सिलिंडर असो की कॉम्प्रेसर, काम १७९ च. आता रांग लावा: आयसोथर्मल १७९, एन १.३ ला २३०, ॲडियाबॅटिक २४५. 'आयसोथर्मलला सगळ्यात कमी काम' हे वाक्य पुस्तकात ज्या धड्यात आहे, तो धडा कॉम्प्रेसरचा आहे. ते वाक्य तिथून उचलून बंद पिस्टनच्या धड्यात ठेवलं की घोळ होतो.

कॉम्प्रेसरच्या हिशेबात अंतर्गत ऊर्जेची जागा एन्थाल्पी घेते, म्हणजे अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले घनफळ. मग ०.७१८ ऐवजी १.००५, म्हणजे दाब स्थिर असतानाची विशिष्ट उष्णता, वापरायचा. ॲडियाबॅटिकसाठी १.००५ गुणिले २४३, आले २४५. एन १.३ साठी १.००५ गुणिले १८५, म्हणजे १८६. काम २३० होतं, त्यातून १८६ गेले, उरले ४४, तेवढी उष्णता बाहेर. मघाशी बंद सिलिंडरमध्येही ४४ च आले होते. परीक्षेत हा मेळ बसतो का ते बघायला अर्धं मिनिट लागतं आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

आता तुमचा पहिला उपप्रश्न, कारण माझ्या मते तोच खरा चांगला प्रश्न आहे. १७९ किलोज्यूल गेले उष्णतेत. मग टाकीत उरलं काय? अंतर्गत ऊर्जेच्या दृष्टीने, किलोमागे, काहीच नाही. टाकीतली ८ बारची २७ अंशांची हवा आणि टाकीबाहेरची १ बारची २७ अंशांची हवा, दोन्हींच्या एका किलोत अंतर्गत ऊर्जा सारखीच. 'टाकीत ऊर्जा साठवली' असं आपण सगळे म्हणतो, मीही म्हणतो, पण खरं तर आपण टाकीत ऊर्जा वापरण्याची संधी साठवलेली असते. ती हवा पसरताना काम करते ते स्वतःची अंतर्गत ऊर्जा खर्च करून, आणि ती भरून काढायला आजूबाजूची उष्णता ओढून घेते. ओढायला वेळ मिळाला नाही तर गार पडते. हवेवर चालणारा ग्राइंडर दहा मिनिटं सलग चालवा आणि एक्झॉस्टपाशी बोट धरा. दमट दिवसात तिथे दव धरतं, कधी कधी पांढरं बर्फही. विजेच्या कामातून आलेली उष्णता कॉम्प्रेसर रूममध्ये सांडली, आणि तिकडे शेडमध्ये हवा भिंतींकडून उसनी उष्णता मागत बसली. कॉम्प्रेस्ड हवा ही कारखान्यातली महागडी वीज म्हणतात ते याच कारणाने.

उष्णतेबरोबर पाणीही आलं. ३० अंशांना एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, दाब कितीही असो. पावसाळ्यात ठाण्या-अंबरनाथकडे बाहेरच्या हवेत घनमीटरला २४ ग्रॅम वाफ सहज असते. आठ घनमीटर दाबून एक केला तर १९० ग्रॅमच्या वर वाफ आत आली, त्यातली ३० मावली, बाकी दीडशेहून जास्त ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी. जुलैत ड्रेन कॉक उघडल्यावर बादलीभर पाणी का येतं, त्याचं हे गणित. पोरांना वाटतं टाकी कुठून तरी गळतेय.

एक जुना प्रसंग सांगतो, कारण या सगळ्या सूत्रांचा मला पहिला खरा उपयोग तिथे झाला. भोसरीतल्या एका कारखान्यात मी नवा होतो. दोन टप्प्यांचा पिस्टन कॉम्प्रेसर, सात केजीचा. आमच्याकडे अजूनही चौरस सेंटिमीटरला एक किलो या दाबाला 'केजी' म्हणतात, तो ०.९८ बार असतो. दोन टप्पे का, तर पहिल्या सिलिंडरमधून निघालेली तापलेली हवा इंटरकूलरमध्ये गार करायची आणि मग दुसऱ्यात दाबायची. ८ पट दाब वाढवायचा तर प्रत्येक टप्प्यात ८ चं वर्गमूळ, २.८३ पट. पूर्ण ॲडियाबॅटिक धरलं तरी प्रत्येक टप्प्याला १०४, एकूण २०९ किलोज्यूल. एकाच टप्प्यात २४५ लागत होते. म्हणजे नुसत्या मधल्या गारव्याने पंधरा टक्के काम वाचतं. आयसोथर्मल तर कोणालाच जमत नाही, हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता.

त्या दिवशी शेवटच्या पाइपवरचं तापमान १९५ अंश दाखवत होतं. एरवी १२५ च्या आसपास असायचं. मी छाती ठोकून सांगितलं, दुसऱ्या टप्प्याचे व्हॉल्व्ह गेले. कारण तेही खरं आहे, व्हॉल्व्ह गळायला लागला की दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते, पुन्हा दाबली जाते आणि तापमान चढतं. चार तास घालवून हेड उघडलं. व्हॉल्व्हच्या पट्ट्या चकचकीत. आमचे फोरमन काका तोपर्यंत बाजूला चहा पीत बसले होते. ते उठले, ग्लासातलं उरलेलं पाणी बोटांवर घेतलं आणि पुन्हा सुरू केलेल्या मशीनच्या इंटरकूलरमधून निघणाऱ्या पाइपवर शिंतडलं. पाणी क्षणात उडून गेलं. तो पाइप हात ठेवता येईल इतपतच गरम असायला हवा होता. इंटरकूलरच्या पंख्यांत तेलकट धूळ आणि कापसाचं लिंट इतकं गच्च बसलं होतं की पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

घरी जाऊन मी वही काढली. एन १.३ आणि दाब २.८३ पट असेल तर प्रत्येक टप्प्यात निरपेक्ष तापमान १.२७ पट होतं. १९५ अंश म्हणजे ४६८ केल्विन, भागिले १.२७, येतात ३६८, म्हणजे ९५ अंश. दुसऱ्या सिलिंडरमध्ये हवा ९५ अंशांना शिरत होती. ४० अंशांना शिरली असती तर ३१३ गुणिले १.२७, ३९८ केल्विन, १२५ अंश. रोजचाच आकडा. आणि बाहेरची ३० अंशांची हवा धरली तर पहिल्या टप्प्यातून ती निघते ११२ अंशांना, म्हणजे इंटरकूलर ११२ ची ४० करण्याऐवजी जेमतेम ९५ करत होता. हे गणित सकाळी केलं असतं तर हेड उघडावं लागलं नसतं. (इंटरकूलर तुंबला की मधला दाबही थोडा चढतो, ते इथे सोडून दिलंय.) शिवाय दुसऱ्या टप्प्याचं काम आत शिरणाऱ्या हवेच्या केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतं: ३६८ भागिले ३१३, सुमारे अठरा टक्के जास्त. वर इतक्या तापमानाला तेल जळून व्हॉल्व्हवर कार्बन धरतं. तो पेट घेऊ शकतो, म्हणून तापमान हे फक्त विजेच्या बिलाचं प्रकरण नाही.

हाच हिशेब उलटा लावून मशीनचा खरा एन काढता येतो. आत-बाहेरचं तापमान आणि दाब घ्या. तापमानांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले दाबांच्या गुणोत्तराचा लॉग, हे झालं 'एन वजा एक भागिले एन'. समजा एका टप्प्याच्या मशीनमध्ये ३० अंशांची हवा ८ पट दाबून १९० अंशांना निघाली. ३०३ आणि ४६३ केल्विन, गुणोत्तर १.५३. भागाकार ०.२०४, आणि एन १.२६. पिस्टन कॉम्प्रेसरला हा आकडा पटण्यासारखा आहे.

पण तेल भरलेल्या स्क्रू कॉम्प्रेसरला (यात हवा दोन फिरत्या स्क्रूंमध्ये दाबली जाते आणि आतच तेल सोडलेलं असतं) ही युक्ती लावू नका. तिथे हवा ८५ अंशांना निघते. तेच सूत्र लावलं तर एन १.०९ येतो, आणि मालकाला वाटतं आपलं मशीन जवळजवळ आयसोथर्मल चालतंय, वा! तसं नसतं. उष्णता तेल घेऊन गेलेलं असतं. दाबताना आत होणारी गळती, तेल घुसळण्याचं घर्षण, मोटरचा तोटा, यातलं काहीच त्या तापमानात दिसत नाही. खरा आकडा विजेच्या मीटरवर. ढोबळ हिशेब असा की सात बारला १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवेसाठी २५ हॉर्सपॉवर, म्हणजे साडेअठरा किलोवॅट लागतात. १०० सीएफएम म्हणजे सेकंदाला ०.०५५ किलो हवा. भागाकार केला तर किलोमागे ३४० किलोज्यूलच्या आसपास. आयसोथर्मलचे १७९ आठवा, निम्म्याहून थोडे जास्त. हा रेशो बघितल्यावर एन १.०९ वर कोणाचा विश्वास बसेल?

वहीतल्या नेहमीच्या चुका सांगून टाकतो. गेजवरचा दाब तसाच सूत्रात घालणं ही पहिली. गेज ७ दाखवतो म्हणजे खरा दाब ८, कारण गेज वातावरणापासून मोजायला सुरुवात करतो. आणि वातावरणही सगळीकडे १ बार नसतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे हवेचा दाब ०.९५ बार. म्हणजे गेजवर तेच ७ हवे असतील तर मुंबईत दाब आठ पटीच्या जरा खालीच वाढवावा लागतो, पुण्यात ८.४ पट. महाबळेश्वरला कोणी कॉम्प्रेसर बसवला तर ०.८६ बार धरा. दुसरी चूक, सेल्सिअस. २७ ला १.८१ ने गुणून 'हवा ४९ अंशांपर्यंत तापली' असं उत्तर मी पेपरात वाचलंय. सायकलचा पंप चार हात जोरात मारून नळीच्या टोकाला बोट लावलेलं असतं तर त्या मुलाला तिथल्या तिथे कळलं असतं. तिसरी, कॅल्क्युलेटरवर लॉगचं चुकीचं बटण. ८ चा साधा लॉग ०.९०३, नैसर्गिक लॉग २.०८. मधला गुणक २.३०३.

चौथी चूक समजुतीची आहे. वरची सगळी सूत्रं पिस्टन हळू सरकतोय असं धरून आहेत. केमिस्ट्रीच्या पेपरात 'बाहेरचा दाब स्थिर ८' असं लिहिलेलं असेल, म्हणजे पिस्टनवर एकदम वजन टाकलं असेल, तर लॉग वापरायचा नाही. काम म्हणजे ८ बार गुणिले घनफळातला फरक. तापमान शेवटी २७ अंशांवरच आलं तर ८०० गुणिले ०.७५३, तब्बल ६०३ किलोज्यूल. सुरुवात आणि शेवट तोच, अंतर्गत ऊर्जेतला बदल तोच शून्य, पण काम १७९ ऐवजी ६०३ आणि बाहेर गेलेली उष्णताही ६०३. काम आणि उष्णता वाटेवर ठरतात म्हणजे काय, ते या एका आकड्यात दिसतं.

कुठली वाट धरायची हे कसं ठरवायचं, असं विचाराल तर वेळ बघा. उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळते का? हे मोठमोठ्यांचं चुकलंय. न्यूटनने आवाजाचा वेग काढताना हवेचं दाबणं-पसरणं आयसोथर्मल धरलं, आणि शून्य अंशांना सेकंदाला २८० मीटर असा आकडा येऊ लागला. मोजून येतो ३३१. ध्वनिलहरीत हवा इतक्या झटपट दाबली जाते की उष्णतेला हलायला फुरसतच नसते. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१६ साली ॲडियाबॅटिक धरून गॅमाचं वर्गमूळ लावलं आणि हिशेब जुळला. डिझेल इंजिनाचंही तेच. १८ पट घनफळ कमी केलं तर ॲडियाबॅटिकने हवा ६८० अंशांपर्यंत जाते, स्पार्क प्लग लागतच नाही. थंडीत इंजिन कुरकुरतं, कारण गार भिंती त्यातली बरीच उष्णता खातात आणि प्रत्यक्ष तापमान बरंच खाली राहतं.

तुमच्या गणितात वहीत काय लिहायचं ते आता असं: 'बंद सिलिंडर, ८ बारपर्यंत: आयसोथर्मल काम १७९, बाहेर गेलेली उष्णता १७९, अंतर्गत ऊर्जेत बदल ०, ॲडियाबॅटिक काम १७५, उष्णता ०, अंतर्गत ऊर्जेत वाढ १७५, शेवटचं तापमान ५४३ केल्विन, शेवटचं घनफळ आयसोथर्मलपेक्षा १.८१ पट.' त्याखाली एक ओळ: 'वाहत्या हवेच्या कॉम्प्रेसरसाठी हेच आकडे १७९ आणि २४५.' सरांनी १७५ वर लाल शाई मारली असेल, तर शेवटची दोन घनफळं शेजारी शेजारी लिहून वही परत त्यांच्यापुढे ठेवा.